बैलांशी इटालियन बोलणारे साडभाऊ

सातपुड्याच्या पायथ्याला बैलांशी इटालियन बोलणारे माझे मोठे साडू हे एकमेव गृहस्थ आहेत. दुसरे कुणी असल्यास मी हे विधान मागे घेईन, आदर मात्र मागे घेणार नाही. सोनाळ्याला त्यांची संत्र्याची बाग आहे, भरघोस मिशा आहेत आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ठाम मत आहे. त्यांच्या मुलीने इटलीत नोकरी केली, मग तिथलाच नवरा केला, आणि तिला झालेली मुलगी इटालियनशिवाय काही बोलेना, तेव्हा सगळ्या सोयऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. साडभाऊंनी वेळ घालवला नाही. म्हणाले, "दोघांतून एकाले तं शिका लागीन. तिले शाळा आहे. मी रिकामा आहो."

पुस्तकांवर माझा नको तितका विश्वास. मी त्यांना इटालियनचे एक जाडजूड पुस्तक नेऊन दिले. पहिल्याच पानावर संत्रे होते आणि बाहेर आषाढ होता. त्यांनी पुस्तक मिटले. "आषाढात संत्रं कुठलं, साडभाऊ? हे लिहिणाऱ्याले शेती नसन." त्या दिवशी त्यांचा नियम ठरला: वस्तू हाती, मग शब्द. संत्रे झाडावर पिकले की संत्र्याचा शब्द, ज्वारी हुरड्यावर आली की ज्वारीचा, होळी पेटली की राखेचा. एखादा शब्द हवा असला की ते वस्तू हातात धरून मुलीला फोन लावत. ती म्हणे, "बाबा, मी कामावर आहे." हे म्हणत, "अंबाडी फुलावर आली अन् तू काम सांगून राह्यली." अंबाडीला तिथे नेहमीच्या बोलण्यातला शब्दच नाही असे कळले, तेव्हा त्यांना इटलीची फार दया आली. "काय खात असतीन बिचारे," असे ते माझ्या मेहुणीला दोन-तीन वेळा म्हणाले आणि तिच्याकडून भाजी वाढून घेतली.

उच्चारांचा सराव घरात करायला मेहुणीने मनाई केली होती. "बोलायचं तं माणसासारखं बोला," ती म्हणे. म्हणून ते गोठ्यात गेले. बैलांनी कधी हरकत घेतली नाही. पुढे शेजाऱ्याने वखरासाठी जोडी मागून नेली आणि दुपारीच परत आणली. "भाऊ, हे डावीकडं वळूनच नाही राह्यले. काय म्हणू याईले?" साडभाऊंनी सांगितले. शेजाऱ्याने तीनदा घोकले आणि निमूटपणे वखर हाणायला गेला. परदेशी भाषेची प्रमाणपत्रे भिंतीवर टांगणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या इटालियनने पाऊल उचललेला बैल पाहिलेला नाही.

मग पोळ्याच्या तोंडावर नात आली. पहिल्यांदाच. आईच्या मागे लपून तिने सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि नंतर बघायचेही बंद केले. साडभाऊ परीटघडीचा सदरा घालून पुढे झाले. त्यांनी इटालियनमध्ये पाऊस म्हटले, चिखल म्हटले, परसातली भेंडी म्हटली. आता पोरीला हाक मारायची होती, आणि 'नात' हा शब्द त्यांनी घेतलेलाच नव्हता. नात हाती कुठे होती? एवढी वर्षे जिच्यासाठी शिकले, तिच्यापुढे मिशा चाचपत उभे राहिलेले ते मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी खांदमळणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात आणि त्यांना जेवायचे निमंत्रण देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. साडभाऊंनी ते सवयीने इटालियनमध्ये दिले, पाहुण्या व्याह्याला द्यावे तसे, हात जोडून. गोठ्याच्या दारात नात उभी होती. तिने काहीतरी विचारले.

"ते येतील का, म्हणते," मुलीने मला सांगितले.

"येतीन तं काय," साडभाऊ म्हणाले आणि लगेच तेच तिच्या भाषेत म्हणाले. "आवतन घेतलं की जा लागते."

पोरगी आत आली. तिने लोण्यात हात घातला. अंधार पडेपर्यंत दोघे बोलत होते, आणि 'नात' हा शब्द त्यांनी तिच्याकडूनच घेतला, तिचा हात हातात धरून.

निघायच्या सकाळी तिने मेहुणीकडे लोणी मागितले. आजोबांना खाटेवर बसवले, सदऱ्यावरूनच त्यांच्या दोन्ही खांद्यांना चोळले आणि हात जोडून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." गोठ्यात आजोबांकडून घेतलेल्या अस्सल वऱ्हाडीत. साडभाऊंनी बैलासारखी मान खाली घातली.

त्यांचा पासपोर्ट आता आला आहे. देव्हाऱ्यात असतो. संत्र्याचा एक बहार संपतो, दुसरा लागतो, आणि 'उद्या' पुढे सरकतो. थंडीत नातीचा फोन येतो. तिच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असतो आणि ती हौसेने त्याचा शब्द सांगू लागते. साडभाऊ लगबगीने दोन्ही कानांत बोटे घालतात.

"सांगू नको माय," ते म्हणतात. "तिथं येऊन, हातात घेऊनच शिकीन."