न जोडलेल्या बॅटऱ्या

नववीत गणिताच्या पेपरला घाबरून मी शाळा सोडली. तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर त्याचं कुणाला फार नवल वाटलं नाही. आता मी तमिळनाडूत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर आहे, आणि रविवारी दुपारीही कारखानाच चालवतो, फक्त तो खेळातला. लॅपटॉप माझ्या खोलीतल्या सोबत्याचा. तो विदर्भातला, वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. इथे आल्या आल्या मला ताप भरला तेव्हा त्याने पेज करून पाजली होती. त्यामुळे तो काहीही बोलला तरी मला राग येत नाही.

त्या आठवड्यात आईचा फोन आला होता. हळवं भात, म्हणजे सगळ्यात आधी तयार होणारं, पिकायला आलं होतं. त्याचा पहिला घास पूर्वजांना देतात, मग सगळं घर एकत्र बसून नवं खातं. तीन वर्षं माझ्यावाचून खाल्लं, या वर्षी ये, म्हणाली. सुट्ट्या शिल्लक होत्या, तरी मी "बघतो" म्हणालो. उद्या तिलाच काही झालं तर हाताशी नकोत का?

तर तो खेळ. ओसाड जमिनीवर एकट्याने कारखाना उभारायचा. आधी कोळसा जाळून वाफेवर वीज करायची, नंतर सोलर पॅनल लावायचे. पॅनल उजेडातच चालतात, म्हणून दिवसाची उरलेली वीज बॅटऱ्यांत साठवायची आणि अंधार पडला की वापरायची. माझ्याकडे बॅटऱ्यांच्या रांगाच रांगा होत्या, सगळ्या भरलेल्या. तरी त्या रविवारी खेळात अंधार पडला आणि माल वाहणारे पट्टे थांबले, यंत्रं थांबली, राखणीच्या विजेवरच्या तोफा थांबल्या, बाहेरचे किडे येऊन भिंत खाऊ लागले.

दादा चहा घेऊन मागे उभा होता.

"काय करून राह्यला बे? बॅटऱ्या फुल्ल अन् कारखाना बंद?"

"त्या जोडल्या नाहीत."

"काहून?"

"अडचणीला ठेवल्यात."

"अन् हे काय, लगीन चालू आहे का?"

तो इतका हसला की चहा सांडला. मी मुद्दामच तसं केलं होतं. बॅटऱ्या भरल्या आणि मधलं बटण बंद करून टाकलं. आमच्या घरी बियाण्याच्या भाताची कणगी वेगळी असते, बांबूची, शेणामातीने सारवलेली, तोंडसुद्धा लिंपून बंद केलेली. खायचं भात संपलं तर आई शेजारून टोपलीभर मागून आणील, नागलीच्या भाकरीवर दिवस काढील, पण त्या कणगीला हात लावणार नाही. मी तेच बघत वाढलो. दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "पेरता तरी का बे ते, का नुसतंच ठेवता?"

 मी बटण चालू केलं. यंत्रं फिरू लागली, पण अर्धी भिंत गेलीच होती.

सोमवारी सुपरवायझर साहेबांसमोर रजेचा अर्ज ठेवला तेव्हा मनात हेच: नको म्हणतील, कामावरून काढतील, परत आल्यावर मशीन दुसऱ्याकडे असेल. त्यांनी वर न बघताच सही केली. शनिवारी निघायचं, डहाणूला उतरायचं, पुढे जे मिळेल ते. तिकीट मात्र वेटिंगला होतं. ते मी आईला सांगितलं नाही.

"शनिवारी निघतो," फोनवर म्हणालो, "पण तोवर भाताचे दाणे झडतील ना?"

"कापून ठेवतो आम्ही. खायचं तू आल्यावर."

"मग तुम्ही काय खाणार?"

"जुनं आहे थोडं. तू नीट ये."

आभार मानायचे होते, पण आईशी तसं कसं बोलतात ते मला येत नाही. तेवढ्यात मागून धाकटी बहीण ओरडली, "त्याला सांग, चालत येऊ नको, धावत ये! आम्हाला नवं खायचंय!"