मॅकइन्टायर आणि सुतार

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. मी ग्लासगोत असताना त्याने वडिलांचं आडनाव बदललं, आणि ते करताना वडिलांना सांगितलं की वसंताचीही याला संमती आहे. माझी संमती कोणी विचारलीच नव्हती. हे आधीच लिहून टाकतो, कारण पाडळीतल्या आणि पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांत वेगळीच हकीकत फिरते आहे, आणि तिच्यात दोष डोकं फिरलेल्या धाकट्या भावाचा आहे. माझं डोकं फिरतं, ते मी नाकारत नाही. पण ते कशाने फिरलं हे पाडळीत राहिलेल्यांना कळावं, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनाही.

मी निघालो त्या दिवशी कऱ्हाडच्या स्टँडवर अण्णा, म्हणजे वडील, आले होते. माझी बायको सुनंदा मिरजेची नर्स. तिला ग्लासगोच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली होती आणि ती सहा महिने आधीच गेली होती. तिच्या मागोमाग मी, डिपेंडंट व्हिसावर. गावातल्या दोस्तांनी स्टँडवर माझी भरपूर थट्टा केली. बायकोच्या पदराला धरून विलायतेला जाणारा पाडळीतला पहिला गडी म्हणून मला हारही घातला. अण्णांनी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून एक रंधा आणि दोन पटाश्या आणल्या होत्या. दादा पुण्याहून मुद्दाम रजा काढून आला होता. त्याने ते गाठोडं बघितलं आणि म्हणाला, तिथे असली हत्यारं कोण हातात धरतं, आणि तू आता हे काम सोड, एखादं ऑफिसचं बघ.

"तितंबी दारं-खिडक्या असतील की," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुनी इचारलं कोण तू, तर सुतार म्हनायचं. खाली मान घालून न्हाई."

दादाने तोंड फिरवलं आणि गाडीचा बोर्ड वाचत उभा राहिला. त्याची मुलं पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकत होती. सोसायटीत आडनाव सांगितल्यावर समोरचा अर्धा क्षण थांबतो, तो अर्धा क्षण त्याला सोसत नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं.

तो अर्धा क्षण मला ग्लासगोतही भेटला. पहिल्या वर्षी आम्ही मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो. बहुतेक घरं डॉक्टरांची. आडनाव ऐकलं की मराठी माणूस मनातल्या मनात एक फडताळ उघडतो आणि तुम्हाला त्यातल्या एका कप्प्यात ठेवतो. समुद्र ओलांडून आला तरी ते फडताळ सामानात असतंच. ज्यांच्या घरी गणपती होता त्या डॉक्टरांच्या पत्नीने मोदक वाढता वाढता विचारलं, "सुतार म्हणजे... मूळचे कुठले?" मी म्हटलं, "मूळचे सुतारच." सुनंदाने टेबलाखाली माझा पाय दाबला. तुमच्या किचनचं एक दार लोंबतंय ते कोणाकडून बसवून घेणार, हेही मी विचारलं. पुढच्या आठवड्यात ते दार मीच बसवलं, आणि भाव मुळीच उतरवला नाही.

इथे सुताराला जॉइनर म्हणतात. मॅकइन्टायर नावाचा म्हातारा जॉइनर आमच्या वस्तीजवळच्या टिंबर यार्डात मला भेटला. मी लाकडाच्या भावावरून काउंटरवरच्या पोराशी अर्धा तास घासाघीस करत होतो. इथे असं कोणी करत नाही. छापील किंमत द्यायची, थँक यू म्हणायचं, निघायचं. म्हातारा मागे रांगेत उभा होता. त्याला राग यायला हवा होता, पण तो माझ्या हातातली फळी निरखत होता. बाहेर आल्यावर त्याने विचारलं की मी ती एकच फळी का निवडली. मी गाठी दाखवल्या, रेषा दाखवल्या. त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता आणि त्याला माणूस हवा होता. दुसऱ्या दिवशी त्याने एका जुन्या घराची खिडकी मला उघडून, दुरुस्त करून, परत बसवायला लावली. संध्याकाळी म्हणाला, उद्या आठला ये.

दोन वर्षांनी भागीदारीची गोष्ट निघाली. तीन आठवडे मी त्याच्याशी भांडलो, आणि ते सगळं भांडण एका अटीसाठी होतं: व्हॅनवर माझं आडनाव रंगवायचं, त्याच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत. त्याने वैतागून विचारलं की या आडनावाचा अर्थ तरी काय. मी सांगितलं. त्याने हातातला चहा खाली ठेवला आणि खोकला येईपर्यंत हसला. मॅक म्हणजे मुलगा. पुढचा तुकडा त्यांच्या जुन्या गेलिक भाषेत सुताराचा. सुताराचा मुलगा.

"मग एकच गोष्ट दोनदा कशाला रंगवायची?" तो म्हणाला.

मी म्हटलं, दोनदा रंगवली म्हणजे लोकांच्या लक्षात राहील. रंगवली.

त्या उन्हाळ्यात आम्ही लॉक एटिव्हच्या काठावर एका सुट्टीच्या घराच्या खिडक्या बदलायला गेलो. लॉक म्हणजे डोंगरांत शिरलेलं लांबट पाणी. दुपारी डबा खाताना म्हाताऱ्याने पलीकडच्या काठाकडे बोट केलं. क्रुअखन नावाच्या डोंगराच्या पोटात एक दरी होती, ग्लेन नो. त्याचे लोक तिथले. पूर्वजाने बोटीला पडलेलं भोक आपला अंगठा कापून बुजवलं, म्हणून त्याला सुतार म्हणू लागले, अशी कथा आहे. मी म्हटलं, बोटीत सुतार असता तर त्याला खुंटी मारता आली असती, अंगठा कापणारा नक्की दुसराच कोणीतरी. म्हाताऱ्याला ते पटलं. पुढची कथा मात्र मी ऐकली आणि हातातला घास तसाच राहिला.

त्या दरीचा खंड म्हणून ते जमिनीच्या मालकाला दर वर्षी भर उन्हाळ्यात बर्फाचा एक गोळा आणि एक पांढरं वासरू देत. बर्फ डोंगरामागच्या कपारीतून आणायचा. पिढ्यान् पिढ्या असं चाललं. मग एका पिढीत मालक म्हणाला, हा पोरखेळ कशाला, रोख देत जा, थोडंसंच. ते कबूल झाले. एकदा रोख झाल्यावर आकडा वाढवता येतो. तो वाढत गेला आणि एक दिवस दरी सोडावी लागली.

माझ्या आयुष्यात मी इतका वाईट सौदा ऐकला नव्हता. मी म्हाताऱ्यावरच चिडलो, जणू त्यानेच सही केली होती. बर्फाचा गोळा कोण वाढवून मागणार, आणि तुम्ही तो सोडून दिलात. मग मला पाडळी आठवली. अण्णा गावाचे नांगर, कुळव, बैलगाड्या दुरुस्त करत आणि सुगीला प्रत्येक खळ्यावरून बलुत्याचं धान्य आणत. ट्रॅक्टर आले तेव्हा गावाने सांगितलं, आता कामापुरती मजुरी घ्या. अण्णाही हो म्हणाले. मग कामच राहिलं नाही. मी हे म्हाताऱ्याला सांगितलं, आणि आम्ही परत खिडक्यांना लागलो.

आता त्या दरीत मेंढ्या आहेत. मॅकइन्टायर मात्र ग्लासगोच्या फोनबुकात पानंच्या पानं आहेत, आणि कॅनडात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात. म्हाताऱ्याच्या वर्कशॉपमध्ये आडनावाचा एक नकाशा टांगला होता. त्यात सगळ्या वाटा त्या एका दरीतून निघालेल्या. मी विचारलं, सुतार तर गावोगाव असणार, मग सगळे एकाच दरीतले कसे? त्याने कबूल केलं की नसतीलच, पण नकाशा विकणाऱ्याला एक दरी दाखवणं सोपं जातं. आमचं आडनाव त्याला मी तसंच समजावलं: महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक गावात सुतारांचं एखादं घर, कारण प्रत्येक गावाला एक लागत होता. आडनाव सारखं, नातं असेलच असं नाही.

व्हॅनचा फोटो मी घरी पाठवला. अण्णांनी तो चौकटीत बसवला असं कळलं. दादाचा फोन आला. गाडीवर जात रंगवून फिरतोस, म्हणाला. शुभाचं, म्हणजे त्याच्या मुलीचं, लग्न ठरवायचं आहे, त्याचा तरी विचार कर. मी म्हटलं, जात नाही, धंदा रंगवलाय, आणि तुझं शिक्षण याच रंध्यावर झालं. आणखीही पुष्कळ बोललो. त्यानंतर आमचं बोलणं थांबलं. म्हणजे माझं मत काय आहे हे दादाला पक्कं माहीत होतं. पुढचं वाचताना हे विसरू नका.

आई गेल्यावर अण्णा पुण्याला दादाकडे राहत होते. त्यांना सहा महिने इथे आणावं, व्हॅन दाखवावी, म्हाताऱ्याबरोबर वर्कशॉपमध्ये बसवावं, असं मी ठरवलं. दोघांना एकमेकांची भाषा आली नसती, पण एका लाकडाभोवती त्यांचं जमलं असतं. पासपोर्ट वहिनींच्या सांगण्यावरून दादाने काढून दिला. अर्ज मुंबईच्या एजंटाने भरला, माझे कागद मी पाठवले. व्हिसा नाकारला गेला. कारण लिहिलं होतं की अर्जदार हा यजमानाचा पिता असल्याचं सिद्ध होत नाही.

माझ्या पासपोर्टात वडील शंकर सुतार. अर्जदाराचं नाव शंकर पाडळीकर.

दादाने राजपत्रात जाहीर करून स्वतःचं, वहिनीचं, मुलांचं आणि अण्णांचं आडनाव बदललं होतं. गावाला कर जोडला की झालं आडनाव, आपल्याकडची जुनी सोय. पुण्यात फ्लॅट घेऊन, पाडळीचं घर विकून, तो पाडळीकर झाला. मॅकइन्टायरांची जागा गेली आणि कामाचं नाव राहिलं. दादाने कामाचं नाव टाकलं आणि जिथे तो राहत नाही त्या जागेचं घेतलं.

मी त्याच दुपारी फोनकार्ड आणून पुण्याला फोन लावला. अण्णांनी उचलला. मी त्यांच्यावर ओरडलो. सही का केलीत, मला विचारलं का नाही, तुम्हाला कळत नाही का. ते म्हणाले, "आरं, पन तूच तर..." मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. फोन आपटला. तो आमचा शेवटचा फोन.

राजपत्राची प्रत जोडली असती तर दुसऱ्या अर्जाला अडचण नव्हती. ती मी दादाकडे पत्राने मागितली, वहिनीमार्फत मागितली. चार महिन्यांनी आली. अर्ज पुन्हा भरायला घेतला, आणि अण्णा झोपेतच गेले.

मी पोचलो तोवर अग्नी देऊन झाला होता. वर्तमानपत्रात दशक्रियेची जाहिरात होती: कै. शंकर पाडळीकर, शोकाकुल मुलांत दुसरं नाव वसंत पाडळीकर, कंसात लंडन. मी लंडनला कधी राहिलो नाही आणि पाडळीकर कधी झालो नाही. दहाव्याच्या दिवशी घाटावरून परतताना वहिनी माझ्या बाजूला चालत होत्या. त्या वाईट नाहीत. त्यांना वाटलं मला माहीतच आहे.

"भावजी, अण्णा तयार नव्हते हो," त्या म्हणाल्या. "ह्यांनी सांगितलं तुम्हीही बदलताय, तेव्हा कुठे सही केली. म्हणाले, वसंतानंबी सोडलं, मग मी एकट्यानं कशाला धरून बसू."

तूच तर. त्या अर्ध्या वाक्याचा उरलेला भाग मला असा मिळाला. अण्णांनी ते आडनाव माझ्यासाठी धरलं होतं आणि माझ्याच नावाने ते त्यांच्याकडून सोडवून घेतलं गेलं. मी टाकलं असं समजून ते गेले. वर मी त्यांच्यावर ओरडलो, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा हिशेब मला लागत नाही.

परत आल्यावर मी हे मॅकइन्टायरला सांगितलं. तोवर त्याने काम सोडलं होतं. तो म्हणाला, त्याच्या आजोबांचा भाऊ कामासाठी इंग्लंडला गेला आणि तिकडे राइट झाला. जुन्या इंग्रजीत राइट म्हणजेही सुतारच. असे पुष्कळजण झाले. "पण त्याने स्वतः येऊन आईला सांगितलं," म्हातारा म्हणाला. "तिने किटली फेकून मारली. पण सांगितलं." बस इतकंच. माझ्या भावाने आडनाव बदललं म्हणून मी त्याला शिव्या देत नाही. ते त्याचं होतं, त्याने हवं ते करावं. सोसायटीतला तो अर्धा क्षण मीही सोसला आहे.

घर म्हणजे काय, असं इथे आमच्यात नेहमी विचारतात, विशेषतः जेवण झाल्यावर. मला वाटतं, तुम्ही कोणाचे कोण, हे न विचारता ज्यांना माहीत असतं ती माणसं म्हणजे घर. तिकडे तसे एक अण्णा होते, आणि शेवटी त्यांनाही माझ्याबद्दल खोटं माहीत होतं. पाडळीतलं माझं घर दादाने विकलं तेव्हा गेलं नव्हतं. ते त्या सहीच्या दिवशी गेलं. आता जे आहे ते ग्लासगोत नगरपालिकेच्या भाड्याचा एक कौन्सिल फ्लॅट, सुनंदा, आणि या शहरात दार लोंबलं की मला हाक मारणारी काही माणसं. तेवढ्यावर राहता येतं. राहतो आहे.

फोन आपटल्याबद्दल मला जबाब द्यायचा आहे, आणि तो अण्णांनाच द्यायचा असल्याने मी तो कधीच देऊ शकणार नाही. पण दादा, तुझा जबाब घ्यायला मी जिवंत आहे. वहिनींना पुढे करू नकोस. शुभाच्या लग्नाचं कारण सांगू नकोस, ते लग्न छान झालं आणि मला त्याचा आनंद आहे. ज्यांची औतं अण्णांनी जन्मभर नीट केली ती म्हातारी माणसं अजून पाडळीत आहेत. त्यांना एका जागी बसव, मला तारीख कळव, मी येतो. त्यांच्यासमोर उभा राहा आणि एवढंच सांग: वसंताने हो म्हटलंय, असं तू अण्णांना कोणत्या तोंडाने सांगितलंस?