पोटदुखी, मेकअपसकट

क्लिनिक स्टुडिओच्या गेटसमोर असलं की किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी येतात आणि नंबर लावून बसतात. मी गोरेगाव ईस्टला प्रॅक्टिस करते. निम्मे पेशंट सिरियलवाले, वीस-पंचविशीतले. तक्रार बहुतेक पोटाचीच. दिवसभर चहा, मग एकदम वडापाव, पुन्हा चहा. ब्रेकमध्ये पळत येतात, त्यामुळे कपडे बदलून कोणी येत नाही.

"मॅडम, बाहेर ऋषी ओकतायत," रिसेप्शनवरची शुभांगी एकदा म्हणाली.

ऋषी तेवीस वर्षांचे. कमरेपर्यंत दाढी, पोटात जळजळ.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"ब्लॅक कॉफी, स्ट्रॉने. दाढी चिकटवली की तोंड उघडत नाही ना."

ॲसिडिटीची गोळी दिली आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी जेवण, मग दाढी.'

संध्याकाळी प्रॉडक्शनमधून फोन. "मॅडम, दाढी दिवसातून किती वेळा लावायची?"

*

नेहाचं कॅरॅक्टर मेलं होतं आणि घरचे तिच्याभोवती बसून रडत होते. तिला साउंडवाल्याने माझ्याकडे पाठवलं. सगळे रडायचे थांबले की तिचं पोट वाजायचं. दुखायचंही.

"पोट सपाट दिसायला हवं ना, म्हणून जेवत नाही," ती म्हणाली.

"दहीभात खा आणि मग मर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साउंडवाल्याचा फोन. "पोट एकदम शांत आहे मॅडम. आता ती घोरते."

*

पूजा म्हणजे सिरियलमधली धाकटी सून. तिला सेटवर उलटी झाली, आणि सिरियलमध्ये सुनेला उलटी एकाच कारणाने होते. खरं कारण आदल्या दिवशीची शेवपुरी. मी तिला मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्यायला सांगितलं आणि घरी जायला सांगितलं. तिने सेटवर तसं कळवलं, तर रायटरने फोन मला द्यायला सांगितला.

"मॅडम, फूड पॉयझनिंग कॅन्सल होईल का? डोहाळजेवणाचा सेट लागलाय."

*

सुमेध गोवंडीचा. सिरियलमध्ये डॉक्टर. एका दुपारी पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप अशा अवतारात वाकून चालत आला. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं, ताप, मळमळ. पोट दाबून हात काढला तसा कळवळला.

"मॅडम, पेनकिलर द्या, एक शॉट राहिलाय."

"शॉट गेला खड्ड्यात. अपेंडिक्स वाटतंय. काही खायचं नाही, प्यायचं नाही, थेट हॉस्पिटल."

शुभांगी त्याला रिक्षाने घेऊन गेली. तिथे ती केसपेपर काढायला गेली आणि हा कोटासकट बाकावर बसला. शेजारी एक बाई होती, तिचा तरुण मुलगा पोट धरून बसलेला.

"डॉक्टर, माझ्या पोराला जरा बघा ना."

सुमेधने नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात जोराची कळ आली आणि सिरियलमधलं पाठ असलेलंच बाहेर पडलं. "पुढचे चोवीस तास महत्त्वाचे आहेत. आता सगळं वरच्याच्या हातात."

बाईने हंबरडा फोडला. मुलाला गॅस झाला होता. खऱ्या डॉक्टरांनी तासाभरात घरी पाठवला. सुमेधचं त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. वेळेत आला म्हणून निभावलं, असं सर्जन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती बाई मुलाला घेऊन, शोधत शोधत वॉर्डात आली. सुमेधला सलाइन चालू होतं. तिने टेबलावर शहाळं ठेवलं.

"डॉक्टर, पोरगा ठणठणीत झाला हो."

मग त्याच्याकडे पाहून तिचा आवाज खाली आला. "पण पेशंटचं एवढं मनाला लावून घेत जाऊ नका."