झेंडूच्या माळेखालचा सर्व्हर

आमच्या मामेसासऱ्यांनी मनावर घेतलं असतं, तर मेलेल्या माणसालाही शेजारच्याचं डोकं वापरायला देऊन त्यांनी ऑफिसला पाठवलं असतं. उगाच बोलत नाही. दहा मेलेले कॉम्प्युटर त्यांनी उठवलेले मी स्वतः पाहिलेत.

मामांचं उभं आयुष्य मरोळच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करण्यात गेलं. रिटायर झाल्यावर माणसं जप करतात, हे बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत भंगार गोळा करू लागले. कुणी जुना कॉम्प्युटर टाकतोय म्हटलं की मामा लिफ्टपाशी हजर. आल्या आल्या त्याची हार्ड डिस्क काढून टाकायचे. "डोकं एकच पुरे, जावईबापू." ते डोकं म्हणजे तळमजल्याच्या खोलीत, दार काढलेल्या स्टीलच्या कपाटातला सर्व्हर. बटण दाबलं की दहाही बिनडोक कॉम्प्युटर वायरीतून त्याला विचारायचे, मी कोण, काय करू? तो सांगायचा आणि पडदे उजळायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खरंच हात जोडले. त्या कपाटासमोर चप्पल घालून गेलेलं मामांना खपत नसे. एकदा मी गेलो, तर चारचौघांत मला बाहेर काढलं. दुपारी सोसायटीत घरकाम करणाऱ्या बायका तिथे टायपिंग शिकायच्या.

नव्या सेक्रेटरींना तिथे जिम हवी होती. "कमिटीसमोर दहाही चालू करून दाखवा, नाहीतर खोली रिकामी करा," म्हणाले. मामांनी ऐटीत मुहूर्त दिला, दसऱ्याची सकाळ. कमिटीबरोबर आम्ही पोचलो तर सर्व्हर बंद, हळदकुंकू लावलेला, झेंडूच्या माळेखाली. मामा दारात, चेहरा पडलेला. पूजा झालेलं मशीन त्या दिवशी चालवायचं नाही, हा कारखान्यातला स्वतःचाच नियम तारीख देताना ते साफ विसरले होते.

टायपिंगवाल्या बायकाही मागे उभ्या. माझी तर वाट लागलेली. "मामा, दाबा ना बटण, देव समजून घेईल," मी कानात म्हटलं.

"आज तेका हात लावूचो नाय," मामा म्हणाले. खोली गेली तरी चालेल, असा तो आवाज होता.

सेक्रेटरींनी माळेकडे पाहिलं. मग चप्पल काढून आत गेले आणि खिशातलं आपट्याचं पान सर्व्हरवर ठेवलं. "आमच्या वडिलांचं मशीनही आज बंद असायचं," ते म्हणाले. "उद्या आठला येतो."

दुसऱ्या दिवशी आठला एकामागून एक दहाही पडदे उजळले, आणि खोली राहिली.

मामांना जाऊन आता तीन वर्षं झाली. सर्व्हर मी सांभाळतो. हे पूजेबिजेचं मला कधी पटलं नाही, मामांशी त्यावरून भांडलोही आहे. तरी यंदा दसऱ्याला तो बंद करून माळ घातली. नव्याने शिकायला लागलेल्या एका बाईंनी दारातून विचारलं, "आज क्लास नाही?"

"आज त्याला सुट्टी," मी म्हणालो. बाईंनी चप्पल बाहेर काढली आणि आत येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.