मातीला जाताना

पुण्याहून बदलून आलेल्या आमच्या साहेबांना मी फोनवर म्हणालो, "मातीला जायचंय, सुट्टी द्या." ते म्हणाले, "शेतात काही काम निघालं का?" त्यांची माती कुंडीतली. आमच्याकडे पेरतात ती माती, भिंतीला लिंपतात ती माती, कुणी चालता धंदा बुडवला तर त्यानं केली ती माती, आणि माणूस गेलं की त्याला पोचवायला जातात तीही मातीच. जळकोटकडच्या आमच्या गावात मोठी माय गेली होती. मोठी माय म्हणजे माझी चुलती. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून तिनंच मला वाढवलं.

चुलतभावाचा फोन पहाटेच आला होता. "दादा, माती कवा करायची?"

"मी आल्याबिगर उचलू नका," मी सांगितलं. शेवटचं तोंड तरी बघायचं होतं. "निघालोच."

निघालो कुठला! आंघोळ, साहेब, पेट्रोल; नांदेड सुटेपर्यंत ऊन चांगलंच चढलं. भावाचा फोन आला की मी असेन त्याच्या पुढचं गाव सांगायचो.

आमच्या गल्लीत माती होईस्तोवर कुणाची चूल पेटत नाही. लेकरांच्या हातात बिस्किटं देतात, बाकी सगळे तसेच बसून राहतात. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच जळकोटच्या अलीकडे गाडी थांबवली आणि पोटभर पुरी-भाजी खाऊन घेतली. गावात संध्याकाळपर्यंत काही मिळायचं नाही, म्हटलं. वर चहाही घेतला. तेवढ्यात पुन्हा फोन. तोंडातला घास गिळून मी म्हणालो, "रस्त्याचं काम चालू हाय रे, अडकलोय."

पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. ओट्याओट्यावर माणसं भिंतीला टेकून बसलेली. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. "आला, आला" म्हणत उठले फक्त. मी मोठ्या मायचं तोंड बघितलं आणि रडलो. खरंच रडलो, पण ढेकर येईल या धास्तीनं ओठ घट्ट मिटून. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

माती झाली. कडुलिंबाचा पाला चावून सगळे ओसरीत टेकलो. रिवाजाप्रमाणे शेजारची म्हातारी पिठलं-भाकरी घेऊन आली. ती मोठ्या मायची जन्माची मैत्रीण. तिला शुगर, आणि सकाळपासून पोटात काही नाही. तिच्या सुनेनं पहिलं ताट तिच्यापुढं सरकवलं, तर तिनं ते उचलून माझ्यासमोर ठेवलं.

"आधी ह्याला. लांबून आलंय लेकरू, उपाशी. ती असती तर तिनं दुसऱ्या कुणाला वाढू दिलं नसतं."

मावशी, मी जेवून आलोय, एवढंच म्हणायचं होतं. तिनं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवून घास माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड उघडलं आणि तो खाल्ला.