बोहल्याचं माप

परवा नातीच्या लग्नाचा हॉल बघायला भोरला गेलो. मॅनेजर म्हणाला, "आजी, स्टेज वीस बाय सोळा." मी विचारलं, "कुणाच्या हातानं?" तो म्हणाला, "हातानं नाही आजी, फुटानं!"

आता हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझं लग्न आंबवड्याला झालं, संस्थानाच्या काळात. मी असेन तेरा-चौदाची. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, पुढं म्हशी.

माझ्या वडिलांनी, आबांनी, अंगणात मातीचं बोहलं घातलं होतं. रोज सारवून असं गुळगुळीत केलेलं की माशी घसरावी! गोरज मुहूर्त होता, आणि दुपारी गुरुजी बोहल्याशी थबकले. "कुणाच्या हातानं मोजलं?" आबा म्हणाले, "माज्याच की."

झालं! पोथीत नवरीच्या हातानं चार हात सांगितलेत म्हणे. हे वाढलं, कडा पाडा.

मामा भोंगवलीचा. सातवी पास, म्हणून लग्नातसुद्धा खिशात फूटपट्टी. तो उसळला, "हात म्हंजी अठरा इंच! पोरीगणिक बदलतं ते माप कसलं? पुढच्या साली लगीन लावलं तर बोहलं वाढणार व्हय?"

"वाढेल! नवरीही वाढेल!" गुरुजी म्हणाले. "तुमच्या इंचाशी लावायचंय का लग्न?"

आणि या सगळ्यात माझा हात! गुरुजी म्हणत लांब कर, मामा पट्टी लावून म्हणे वाकवू नको. दरवेळी माप वेगळं. अंगावर हळद वाळून खाज सुटलेली, पोटात सकाळपासून काही नाही... लई वैताग आला होता बघा.

वऱ्हाड ओढ्यापाशी खोळंबलेलं, ऊन उतरायला लागलेलं. शेवटी आबा मुकाट्यानं कुदळ घेऊन आले. कडा पाडून पुन्हा लिंपायच्या म्हणजे ओली माती, ती वाळणार कधी? पण मला मुहूर्ताचं काही वाटलं नाही, आबांच्या तोंडाकडं बघवेना.

नवरीनं बोलायचं नसतं. म्हणून मी आईच्या हातातली रांगोळी घेतली, बोहल्यावर गुडघे टेकले आणि कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत चारी बाजूंनी चार-चार हात रेघ ओढली. मोठ्या बोहल्यात एक लहान बोहलं.

गुरुजींनी वाकून बघितलं. "बरोबर आहे," म्हणाले. मामानं पट्टी लावली, इंच काही जुळेनात. पण आईनं डोळे वटारले तशी खिशात घातली. आबांनी कुदळ भिंतीला टेकवली...

लग्न लागलं. आमचे हे लांबलचक, पाटावर बसले तर एक गुडघा रेघेबाहेर!

नवरा, तारीख, लुगड्याचा रंग, मला कुणी काही विचारलं नव्हतं. त्या अख्ख्या लग्नात माझ्या मापाचं तेवढंच होतं, आणि ते माझ्या हातानं काढलेलं. पोथी बरोबर का पट्टी, मला नाही ठाऊक... नातीला मात्र सांगून ठेवलंय, त्या वीस बाय सोळात एक रेघ तुझ्या हातानं ओढ.