ओझर ते दिब्रुगढ, म्हणे सव्वातीन तास

आसामात दिब्रुगढला राहणाऱ्या भावाला मुलगी झाल्याचा फोन आला आणि आमच्या ह्यांनी लगेच मोबाइल काढला. हे अंबडच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढतात, मापाशिवाय ह्यांचं पान हलत नाही. एका वेबसाइटवर उत्तर तयारच होतं: आमच्या नाशिकचं ओझर ते दिब्रुगढ अंतर साधारण तेवीसशे किलोमीटर, विमानाचा वेळ सव्वातीन तास. एवढ्या वेळात नाशिकहून धड मुंबई गाठता येत नाही. मी भावाला कळवून टाकलं, बाराव्या दिवशी सकाळी निघते, बारसं दिवेलागणीला ठेव.

आमच्या घरात देवापाशी दिवा लागला की आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, आणि तोवर ते कुणालाही कळू द्यायचं नाही. भावाच्या लग्नाला नऊ वर्षं झालेली. नऊ वर्षं एक नाव मी पोटात ठेवलं होतं.

तिकीट काढताना कळलं की ते सव्वातीन तास फूटपट्टीचे होते. ओझरहून सरळ तिकडे जाणारं विमानच नाही. दिल्लीला उतरायचं, तिथं ताटकळायचं, मग दुसरं विमान. साडेचारला पोहोचणार होते. आदल्या दिवसापर्यंत शाळेत परीक्षा, त्यामुळे आधी निघणं शक्य नव्हतं. पण दिवेलागणीला अजून दोन तास असतील, असा आमचा हिशेब.

ओझरचा विमानतळ आटोपशीर आहे, गर्दी कमी, त्यामुळे उगाच तीन तास आधी जाऊन बसू नका. दिल्लीत मात्र घरचे पराठे सोबत ठेवा; तिथला चहा दोनशे रुपयांचा आणि चवीला कोमट पाणी.

दुसऱ्या विमानात पावणेचारच्या सुमारास खिडकीबाहेर पाहिलं, तर सूर्य पार खाली टेकलेला. डिसेंबर असला तरी हे जरा जास्तच होतं. घड्याळ बिघडलं की काय, म्हणून शेजारी बसलेल्या, तिकडच्या चहामळ्यातल्या साहेबांना विचारलं.

“घडी ठीक है, मॅडम. हमारे यहाँ सूरज जल्दी घर जाता है,” ते म्हणाले.

घड्याळ नाशिकचं आणि दिब्रुगढचं एकच. सूर्य तेवढा वेगळा. हे वेबसाइटवर नव्हतं. मी भूगोल शिकवते, हे इथं कबूल केलेलं बरं. फोन बंद, नाव फक्त माझ्या डोक्यात, आणि खाली अंधार.

टॅक्सीनं पाऊण तास लागला. आई दारातच उभी होती.

“तुझा फोन लागेना गं. दिवा लागल्यावर पोरीला बिननावाची कशी ठेवायची?”

शेजारच्या रीता बाईदेवनी, म्हणजे तिकडच्या रीताताईंनी, आत्या होऊन नाव ठेवलं होतं. जोनाली. त्यांनी माझ्यापुढे तांदळाचा पिठा, म्हणजे तिकडचा सणाचा गोड पदार्थ, ठेवला. मला रडू फुटलं आणि रागही आला, पण सूर्याची तक्रार कुणाकडे करणार? पिठा चांगला होता, दोन खाल्ले.

चार दिवस राहिले. चहाचे मळे पाहा, ब्रह्मपुत्रेचा काठ चुकवू नका, आणि हिवाळ्यात सगळं फिरणं तीनच्या आत उरका.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, प्रत्यक्षात एकूण किती तास लागले? मी सांगितलं नाही. मुलीचं नाव कुणी विचारलं, तर जोनाली म्हणून सांगते. छान नाव आहे, चांदण्याचं. मात्र निघायच्या दिवशी तिला मांडीवर घेऊन मी माझं नाव तिच्या कानात सांगून आले. ते इथंही लिहिणार नाही. आता ते दोघींना माहीत आहे.